साधेपणाचा हिशेब आणि त्यात न लिहिलेले तास : थोरोचे ‘वॉल्डन’ पुन्हा वाचताना

आजच्या व्याख्यानाला निमित्त झाले ते आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या फोनचे. वय चाळिशीच्या आसपास, पुण्यात संगणक क्षेत्रात नोकरी, डोक्यावर घराचे कर्ज. म्हणाला, “सर, आता पुरे झालं. गावी थोडी जमीन आहे, विहीर आहे. नोकरी सोडून तिकडे जायचं म्हणतोय. तुम्हीच वर्गात थोरो शिकवला होता. तुम्हीच सांगा, जाऊ की नको?”

आम्ही त्याला लगेच उत्तर दिले नाही. थोरो आम्ही शिकवला खरा. पण कसा शिकवला हे आठवले आणि थोडे ओशाळायला झाले. ते का, हे पुढे येईलच. त्याची तक्रार मात्र खोटी नाही. २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे म्हटले, तेव्हा केवढा वाद झाला तो आपण सर्वांनी पाहिला. त्या वादात एक बाजू म्हणत होती काम वाढवा, दुसरी म्हणत होती कमी करा. पण तास मोजायचे कशाच्या बदल्यात, हा प्रश्न फारसा कुणी विचारला नाही. हेन्री डेव्हिड थोरोने तो पावणेदोनशे वर्षांपूर्वी विचारला. म्हणून आज ‘वॉल्डन’.

आधी थोडी माहिती. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात काँकर्ड नावाचे गाव आहे. तिथून दीड-दोन मैलांवर वॉल्डन नावाचे तळे. ४ जुलै १८४५ रोजी, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षाला आठवडा बाकी असताना, थोरो या तळ्याकाठी स्वतः बांधलेल्या खोपटात राहायला गेला. खोपट दहा फूट रुंद, पंधरा फूट लांब. खर्च २८ डॉलर आणि साडेबारा सेंट. सप्टेंबर १८४७ पर्यंत, म्हणजे सव्वादोन वर्षांच्या आतच, तो तिथे राहिला. पुस्तक आले १८५४ मध्ये. आपल्याकडे दुर्गाबाई भागवतांनी ते ‘वॉल्डनकाठी विचारविहार’ या नावाने मराठीत आणले.

आता या पुस्तकाबद्दलचा पहिला गैरसमज दूर करू. ‘वॉल्डन’ म्हणजे तळ्याकाठी निवांत बसलेल्या माणसाची टिपणे, असे पुष्कळांना वाटते. अहो, या पुस्तकाचे पहिले आणि सर्वांत मोठे प्रकरण अर्थव्यवहारावर आहे! त्यात खिळ्यांचा खर्च आहे, चुन्याचा आहे, काकवीचा आहे. अडीच एकरांत घेवडा, बटाटे वगैरे लावले, त्याची जमा २३ डॉलर ४४ सेंट, खर्च जाऊन उरले ८ डॉलर साडेएकाहत्तर सेंट. वाण्याच्या वहीसारखे हे सगळे मांडलेले आहे. आणि हा माणूस तिथे स्वस्थही बसलेला नव्हता. शेत खुरपत होता, मजुरीला जात होता, आणि आपले पहिले पुस्तक लिहून पुरे करत होता.

मग हा हिशेब कशासाठी? त्यामागे एक सिद्धांत आहे. थोरोच्या मते वस्तूची किंमत पैशात नसते. ती मिळवायला आयुष्याचा जेवढा तुकडा द्यावा लागतो, तेवढी तिची किंमत. त्याने आगगाडीचे उदाहरण दिले आहे. फिचबर्ग हे गाव तीस मैलांवर, भाडे नव्वद सेंट, म्हणजे जवळजवळ दिवसभराची मजुरी. तो म्हणतो, तुम्ही आधी राबून भाडे कमवा आणि मग गाडीत बसा. मी आत्ताच चालायला लागतो, तुमच्या आधी पोहोचेन. यात थोडी चलाखी आहे हे मान्य. पण मुद्दा पक्का आहे. वेग विकत घ्यायला लागणारा वेळ आपण प्रवासाच्या वेळात धरतच नाही. आमच्या विद्यार्थ्याच्या घराचे हप्ते वीस वर्षांचे आहेत. त्या घराची खरी किंमत कागदावरचे आकडे नव्हे, ती वीस वर्षे आहेत. काँकर्डच्या शेतकऱ्यांविषयी थोरोने हेच लिहिले. कर्जाशिवाय स्वतःच्या मालकीचे शेत असलेले डझनभर लोकही गावात सांगता येईनात, आणि जो तो शेताचा मालक म्हणून मिरवतो आहे.

हिशेबाचा निष्कर्ष असा की, वर्षातले साधारण सहा आठवडे काम केले तरी त्याचे भागत होते. बाकीचे वर्ष त्याचे स्वतःचे.

इथपर्यंत आम्ही वर्गात दरवर्षी मोठ्या उत्साहाने शिकवत असू. मुले माना डोलावत. मग एखादा हुशार मुलगा हात वर करी आणि म्हणे, “सर, पण त्याचे कपडे तर आई धूत होती म्हणे!”

ही जुनी टीका आहे. जमीन एमर्सन या मित्राची, घर चालत जाण्याच्या अंतरावर, मधूनमधून जेवायला घरी, कपडे धुवायला बाहेर. म्हणजे हा कसला एकांतवास, हे सगळे ढोंग! आम्ही त्या मुलाला काय सांगत असू? आम्ही म्हणत असू, हा तर्कदोष आहे. बोलणारा कसा वागतो यावरून त्याचे विधान खरे-खोटे ठरत नाही. वैद्य विडी ओढत असला म्हणून विडीने खोकला होत नाही असे सिद्ध होत नाही. शिवाय थोरोने काही लपवलेले नाही. जमिनीवर आपण दुसऱ्याच्या जागेत घुसून राहिल्यासारखे आहोत, हे तो सांगतो. धुणे आणि कपड्यांची डागडुजी बहुतेक बाहेर झाली आणि त्याची बिले अजून आलेली नाहीत, हेही तो त्याच हिशेबात सांगतो. मुलगा खाली बसे. आमचा तास संपे.

आम्ही ओशाळलो ते इथे. त्या मुलाचा शब्द चुकला होता, ढोंग हा शब्द बरोबर नव्हता. पण त्याचे बोट बरोबर जागेवर होते. ‘बिले अजून आलेली नाहीत’ हे वाक्य आम्ही विनोद म्हणून वाचत आलो. तो त्या सिद्धांतातला खड्डा आहे.

बघा, वस्तूची किंमत म्हणजे तिच्यापायी दिलेले आयुष्य, असे म्हटले की पुढचा प्रश्न अटळ आहे : कुणाचे आयुष्य? थोरो फक्त स्वतःचे मोजतो. त्याच्या वहीत धुण्यासमोर आकडा नाही, कारण त्याच्या आयुष्यातला वेळ त्यात गेलेला नाही. पण वेळ गेला आहे. काँकर्डमध्ये कुणाचा तरी गेला आहे. ॲरिस्टॉटलने विचार करायला निवांतपणा हवा असे म्हटले. ग्रीक भाषेत त्याला ‘स्खोले’ म्हणतात, आणि आपला ‘स्कूल’ हा शब्द तिथूनच आला. त्या निवांतपणाखाली गुलामांचे श्रम होते, आणि ॲरिस्टॉटलने ते मान्य करून त्याचे समर्थनही केले. थोरो गुलामगिरीचा कट्टर विरोधक. त्याने समर्थन केले नसते. त्याने फक्त रकाना कोरा ठेवला.

हा कोरा रकाना पुस्तकात आणखी दोन ठिकाणी दिसतो. खोपटासाठी फळ्या हव्यात म्हणून थोरोने जेम्स कॉलिन्स नावाच्या आयरिश रेल्वे-मजुराची झोपडी सव्वाचार डॉलरला विकत घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ते कुटुंब त्याला रस्त्यात भेटले. एका मोठ्या बोचक्यात सगळा संसार : अंथरूण, कॉफी दळायचे यंत्र, आरसा, कोंबड्या. आता गंमत म्हणा की दुःख म्हणा, पण सामानाची यादी केली तर कॉलिन्स आणि थोरो यांच्यात फारसा फरक नाही. एकाच्या बोचक्याला आपण दारिद्र्य म्हणतो, दुसऱ्याच्या खोपटाला साधेपणा. फरक कुठे पडतो? थोरोला पाहिजे त्या दिवशी घरी परत जाता येत होते. घरी पेन्सिलींचा धंदा होता, स्वतः हार्वर्डचा पदवीधर होता. साधेपणा निवडता येण्यासाठी आधी निवड हातात असावी लागते.

दुसरे ठिकाण जॉन फील्डचे. हाही आयरिश मजूर. पावसापासून आडोसा म्हणून थोरो त्याच्या गळक्या झोपडीत शिरतो आणि त्याला उपदेश करतो : चहा, कॉफी, लोणी, मांस सोडा, म्हणजे ते मिळवायला इतके राबावे लागणार नाही. गणित बिनचूक आहे. पण फील्डला बायको आहे, लेकरे आहेत, तान्हे मूल आहे. एकट्या माणसाचे गणित थोरो लेकुरवाळ्या घराला लावतो आणि ते पटले नाही म्हणून त्याच्यावर चिडतो. पुस्तकातला हा सर्वांत दुबळा भाग आहे असे आमचे मत आहे, आणि थोरोच्या भक्तांनी तो पुन्हा वाचावा.

आता थोडे आमच्याविषयी, कारण ते सांगितल्याशिवाय ही टीका प्रामाणिक होणार नाही. निवृत्तीनंतर आम्ही कोकणातल्या आमच्या मूळ गावी राहायला गेलो. ठरवून साधे राहायचे म्हणून. धुण्याचे यंत्र नाही, पाणी विहिरीचे, रहाटाने काढलेले, आंघोळीला बंब. थोरोसारखी एक वहीही घातली. महिन्याचा खर्च शहरातल्या तिसऱ्या हिश्शावर आला. आम्ही खूश. एका संध्याकाळी पडवीत बसून पत्नीला ती वही वाचून दाखवली. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “अहो, यात माझे तास कुठे आहेत?”

पहाटे साडेपाचला बंब पेटवणे, पाणी, धुणे, सारवण, चूल. यंत्रे आम्ही काढली, कामे तिच्याकडे गेली. आमचे आयुष्य संथ झाले होते, तिचे दुप्पट वेगाने धावत होते. तिचा खांदा दुखत होता, तेही आम्हाला त्या दिवशी कळले. दुसऱ्या दिवसापासून पाणी आणि धुणे आम्ही घेतले. सकाळचे वाचनाचे दोन तास गेले. तीन महिन्यांत पंप आला, पाठोपाठ यंत्र आले, वहीतला खर्च वाढला. पण वही तेव्हा कुठे खरी झाली.

गांधीजींचा अनुभव याहून कठोर आहे. ते डर्बनला राहत असताना घरात राहणाऱ्या कारकुनाचे मूत्रपात्र उचलण्यावरून कस्तुरबांशी त्यांचा वाद झाला आणि संतापाच्या भरात ते बांना हाताला धरून दाराबाहेर काढायला निघाले. ‘सत्याचे प्रयोग’मध्ये ही हकिकत त्यांनी स्वतः, लाज न लपवता लिहिली आहे. एकाच्या तत्त्वासाठी दुसऱ्याचे हात गृहीत धरले की काय होते, याचा तो कबुलीजबाब आहे. पुढे त्यांच्या आश्रमांत, आपल्या वर्ध्याजवळच्या सेवाग्रामलाही, सफाई आणि अंगमेहनत प्रत्येकाच्या वाट्याला आली. तिथे सगळे आदर्श होते असे आम्ही म्हणत नाही. पण थोरोने कोरा ठेवलेला रकाना भरायचा तो एक गंभीर प्रयत्न होता.

मग थोरो बाद करायचा का? मुळीच नाही. जुलै १८४६ मध्ये, तळ्याकाठच्या मुक्कामातच, तो चांभाराकडे टाकलेला जोडा आणायला गावात गेला आणि कर न भरल्याबद्दल त्याला अटक झाली. गुलामगिरीला पाठीशी घालणाऱ्या सरकारला त्याने काही वर्षे डोईपट्टी भरली नव्हती. एक रात्र तुरुंगात काढली. कुणीतरी परस्पर कर भरला म्हणून सुटला. त्यातून सविनय प्रतिकारावरचा तो प्रसिद्ध निबंध झाला, आणि तो पुढे दक्षिण आफ्रिकेत गांधीजींच्या वाचनात आला. ज्याच्याकडे जप्त करण्यासारखे काही नाही, ज्याच्या गरजा कमी आहेत, त्याला ‘नाही’ म्हणणे परवडते. साधेपणाचे खरे फळ आम्हाला हे वाटते. दुर्गाबाईंचेच बघा. १९७५ मध्ये कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून त्या आणीबाणीविरुद्ध बोलल्या आणि पुढे तुरुंगात गेल्या. ‘वॉल्डन’ भाषांतरित केल्यामुळे त्या तशा झाल्या असे आम्ही म्हणणार नाही. पण त्यांना हे पुस्तक का आवडले असेल, हे त्यावरून समजते.

म्हणजे दोन कसोट्या झाल्या. माझ्या संथपणाचे तास दुसरे कुणी भरत तर नाही ना? आणि वाचलेल्या वेळातून, कमी झालेल्या गरजांतून, जिथे ‘नाही’ म्हणायला हवे तिथे ते म्हणायचे बळ मला आले का? पहिलीत नापास झाला तो साधेपणा उसना. दुसरीत नापास झाला तर ती नुसती विश्रांती. विश्रांतीही वाईट नाही, थकलेल्या माणसाला ती हवीच; पण तिला तत्त्वज्ञान म्हणू नये.

त्या विद्यार्थ्याला आम्ही चार दिवसांनी फोन केला. जा किंवा जाऊ नको, असे काही सांगितले नाही. म्हटले, “एक वही कर. दोन रकाने घाल, एक तुझ्या तासांचा, एक तुझ्या बायकोच्या तासांचा. दुसरा रकाना तिला स्वतःच्या हाताने भरू दे. मग दोघं मिळून ठरवा.” तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “सर, मी तिला अजून विचारलंच नाहीये.”

आम्ही म्हटले, “मग आधी ते कर.”