हापूसची पेटी आणि पोकेबॉल

वाशीच्या बाजारात कर्नाटकातला आंबा 'रत्नागिरी हापूस' छापलेल्या पेटीत विकला जातो, ही आमची जुनी तक्रार. जागेचं नाव लागलं की भाव चढतो, हे रत्नागिरीकराला शिकवावं लागत नाही. २०१८ मध्ये रत्नागिरीसह कोकणातल्या पाच जिल्ह्यांतल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, ते याचसाठी.

'पोकेमॉन गो' हा खेळही जागाच विकतो. म्हणून तो मी बाजार म्हणून तपासतोय.

जीपीएसवरून तुम्ही कुठे आहात ते खेळाला कळतं, आजूबाजूला पोकेमॉन दिसतात, ते पकडायला पोकेबॉल लागतात. हे बॉल पोकेस्टॉपवर फुकट मिळतात. पोकेस्टॉप म्हणजे खऱ्या जगातलं एखादं देऊळ, पुतळा, जुनी वास्तू. बॉल संपले आणि जवळ स्टॉप नसेल, तर खरे पैसे मोजून नाणी घ्यायची, त्या नाण्यांचे बॉल घ्यायचे.

गोम इथेच आहे. सुरुवातीचे बहुतेक स्टॉप नायँटिक कंपनीच्या आधीच्या 'इन्ग्रेस' या खेळातून आले आणि तिथली ठिकाणं मुख्यतः खेळाडूंनीच सुचवलेली होती. जिथे खेळाडू जास्त, तिथे स्टॉप जास्त. म्हणजे मुंबई-पुण्यात चालता चालता जे फुकट मिळतं, तेच राजापूरकडच्या एखाद्या वाडीत विकत घ्यायची वेळ येते. वस्तू एकच, आणि तीही आभासी. तिला ना ट्रकभाडं, ना घाटरस्ता. तरी ती आडगावात महाग.

डिसेंबर २०१६ मध्ये खेळ अधिकृतपणे भारतात आला तो रिलायन्स जिओच्या साथीने. रिलायन्स डिजिटलची दुकानंच स्टॉप आणि जिम झाली. जपानमध्ये त्याच वर्षी मॅकडोनल्ड्सची सुमारे ३,००० रेस्टॉरंट्स अशीच नकाशावर आली. दुकानाला गिऱ्हाईक विकायचं आणि गिऱ्हाइकाला बॉल.

लॉकडाऊनमध्ये, २०२० साली, लांबच्या जिममधली लढाई घरबसल्या खेळण्याचा पास आला. एप्रिल २०२३ मध्ये त्याची किंमत १०० नाण्यांवरून १९५ झाली, वर दिवसाची मर्यादाही आली. लोकांनी घराबाहेर पडून खेळावं, ही कंपनीची भूमिका. ती मला मनापासून पटते. माणसांना चालायला लावून स्वतःच्याच गावातल्या वास्तूंकडे बघायला लावणं, हे या खेळाचं खरं यश आहे. पण ज्याच्या पंचक्रोशीत जिमच नाही, त्याने बाहेर पडून जायचं कुठे?

खोटं जीपीएस वापरणाऱ्यांची खाती कंपनी बंद करते. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्या लेखी जागा म्हणजे अक्षांश-रेखांशाचे दोन आकडे, ते खोटे करणं फार अवघड नाही. तरीही इतकी कडक शिक्षा का, ते पेटीवरचं खोटं नाव आठवलं की कळतं. माल जागाच आहे.

फरक एवढाच, की हापूसमध्ये जागेच्या नावाचा थोडा तरी पैसा बागायतदाराकडे परत येतो. पोकेस्टॉप झालेल्या देवळाच्या गावाला काय मिळतं? २०१६ मध्ये गुजरात उच्च न्यायालयात याचिका झाली, ती देवळांत खेळातली अंडी दिसतात म्हणून. अंड्यांवरून भावना दुखावल्या. देवळाच्या दारात न विचारता दुकान मांडलं गेलं, त्याचं मात्र कुणाला फारसं काही वाटलं नाही.