पाहुण्यांचे भाषण झाले, सभा झाली का?

संगणक व्यावसायिकांची स्थानिक मंडळे अनेक शहरांत आहेत. महिन्यातून एकदा सभा, बाहेरून आलेल्या एखाद्या तज्ज्ञाचे व्याख्यान आणि मग चहा असा त्यांचा ठरलेला शिरस्ता असतो. या सभा बहुधा सर्वांना खुल्या असतात. म्हणून आमच्या कनिष्ठ महाविद्यालयातील अकरावीच्या दोन विद्यार्थिनींना घेऊन मी जिल्ह्याच्या गावी अशा एका सभेला गेलो. एस.टी.ने दीड तासाचा प्रवास. विषय होता ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि उद्याचे जग’.

सभा कशी झाली ते आधी सांगतो. सहाची वेळ होती, दीपप्रज्वलन साडेसहाला झाले. पाहुण्यांचा परिचय बारा मिनिटे चालला. त्यात त्यांनी भूषविलेली सर्व पदे आली. मग शाल, श्रीफळ आणि अध्यक्षांचे प्रास्ताविक. व्याख्यान सत्तर मिनिटांचे होते. पडद्यावर चित्रे सुबक होती, पाहुण्यांची वाणी ओघवती होती. शेवटी सूत्रसंचालकांनी जाहीर केले, “वेळेअभावी दोनच प्रश्न घेऊ.” दोन्ही प्रश्न पहिल्या रांगेतून आले. त्यांतला एक प्रश्न नव्हताच, ते छोटे भाषण होते. नवव्या रांगेत आमच्या विद्यार्थिनीचा हात वर होता, तो तसाच खाली आला. आभारप्रदर्शन मात्र पूर्ण झाले. परतीच्या गाडीत ती म्हणाली, “सर, हे सगळं घरी मोबाइलवरही ऐकता आलं असतं.”

तिचे म्हणणे मला खोडता आले नाही. ज्या सभेतून घरबसल्या मिळणार नाही असे काहीच मिळत नाही, त्या सभेला माणसांनी का जमावे? या लेखात मी पाहुण्यांच्या विद्वत्तेविषयी बोलणार नाही, तिच्याविषयी शंकाही नाही. प्रश्न सभेच्या रचनेचा आहे.

उत्तर सभागृहातच होते

त्या मुलीला विचारायचे होते ते असे. तिने एक छोटी आज्ञावली लिहिली होती : शून्यापासून सुरुवात करून ०.१ ही संख्या दहा वेळा मिळवायची. उत्तर १ यायला हवे. पण संगणकाने ०.९९९९९९९९९९९९९९९९ दाखवले. संगणक चुकतो का?

प्रश्न व्याख्यानाच्या विषयाबाहेरचा होता, हे खरे. पण संगणकावर काम करणारी साठ-सत्तर माणसे एका छताखाली जमली असताना तो विचारायचा नाही, तर कुठे विचारायचा? त्याचे उत्तर दोन मिनिटांचे आहे. दशमान पद्धतीत १/३ हा अपूर्णांक लिहायला गेलो तर ०.३३३... असे लिहीत राहावे लागते. तो कधी संपत नाही. संगणक द्विमान पद्धत वापरतो. द्विमान पद्धतीत १/१० लिहू लागलो तर ०.०००११००११००११... असे अंक येत राहतात आणि तोही कधी संपत नाही. संगणकाजवळ जागा मर्यादित. नेहमीच्या मांडणीत ५३ द्विमान अंक ठेवून पुढचे सोडून द्यावे लागतात. म्हणजे यंत्रात साठवलेली संख्या ०.१ च्या अगदी जवळची असते, पण नेमकी ०.१ नसते. मिळवताना प्रत्येक पायरीवर पुन्हा थोडे कापणे-जोडणे होते आणि शेवटी तो फरक डोळ्यांना दिसतो. पैशांचा हिशोब करणाऱ्या आज्ञावल्यांत म्हणूनच रुपयांचे अपूर्णांक टाळून रक्कम पैशांच्या पूर्णांकात, किंवा खास दशमान मांडणीत ठेवण्याचा प्रघात आहे.

हे मी तिला गाडीत सांगितले. पण त्या सभागृहात रोज असेच हिशोब हाताळणारे लोक बसलेले असणार. त्यांनी हे स्वतःच्या कामातल्या एखाद्या फजितीसह सांगितले असते, तर ती गोष्ट तिला जन्मभर लक्षात राहिली असती. त्या संध्याकाळी सभागृहातले बरेचसे ज्ञान खुर्च्यांवर बसलेले होते. व्यवस्था मात्र ते फक्त व्यासपीठावरच आहे असे गृहीत धरून केलेली होती.

गॅरेजमधली सभा

याच्या अगदी उलट रचनेचे एक उदाहरण संगणकाच्या इतिहासात नोंदलेले आहे. ५ मार्च १९७५ रोजी अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे, गॉर्डन फ्रेंच यांच्या घरच्या मोटार-गॅरेजमध्ये तीसेक माणसे जमली. ‘होमब्र्यू कॉम्प्युटर क्लब’ची ही पहिली सभा. निमित्त होते ‘अल्टेअर ८८००’ या नव्या, स्वतः जुळवायच्या संगणकाचे. या यंत्राला पडदा नव्हता, कळफलक नव्हता. पुढच्या बाजूला खटके आणि लुकलुकणारे दिवे, एवढेच.

क्लब वाढला तसा तो स्टॅनफर्डच्या रेषीय त्वरक केंद्राच्या सभागृहात पंधरवड्याला भरू लागला. सूत्रे ली फेल्सेन्स्टाइन यांच्याकडे होती आणि त्यांची पद्धत पाहण्यासारखी आहे. सभेच्या आरंभी जो तो हात वर करून थोडक्यात सांगे : माझ्याकडे अमुक सुटे भाग आहेत, मला तमुक अडचण आहे, मी असे यंत्र बनवतो आहे. या भागाला ते ‘नकाशा काढणे’ म्हणत, कारण त्यातून कोणाजवळ काय आहे याचा नकाशा तयार होई. मग सभा मोकळी सोडली जाई. ज्याला जो हवा असेल त्याने त्याला गाठायचे. संगणकाच्या स्मृतीत हव्या त्या कप्प्याकडे थेट जाता येते, त्यावरून या भागाचेही नाव पडले होते ‘रँडम ॲक्सेस’.

एप्रिल १९७५ मधील एका सभेत स्टीव्ह डॉम्पियर यांनी अल्टेअरशेजारी एक साधा रेडिओ ठेवला आणि रेडिओतून गाणे वाजू लागले. यंत्राला ध्वनिवर्धक जोडलेलाच नव्हता! संगणकाच्या मंडलांतून वेगाने बदलणारे विद्युतप्रवाह थोडे रेडिओतरंग बाहेर टाकतात आणि जवळच्या रेडिओत त्यांची खरखर उठते. आज्ञावलीतील एखादे चक्र सेकंदाला ४४० वेळा फिरेल असे केले, तर ती खरखर ४४० कंपनांचा सूर होते. चक्राची लांबी बदलली की सूर बदलतो. रेडिओतली खरखर हा एरवी उपद्रवच. डॉम्पियर यांनी त्याचेच वाद्य केले आणि ते कसे केले हे इतरांना सांगितले.

पहिल्या सभेला आलेल्यांपैकी एक होते स्टीव्ह वॉझ्निअॅक. त्या सभेतून मिळालेल्या सूक्ष्मप्रक्रियकाच्या माहितीपत्रकाने आपल्याला स्वतःचा संगणक बांधायची दिशा दाखवली, असे त्यांनी नंतर सांगितले आहे. पुढे त्यांनी तो संगणक क्लबात आणून दाखवला, त्याच्या आराखड्याच्या प्रती वाटल्या. तोच पुढे ‘ॲपल-१’ म्हणून विकला गेला. त्या सभेत वॉझ्निअॅक यांना बोलावले गेले असते ते कोणत्या पदावरून? त्यांच्या नावापुढे लावण्याजोगे मोठे पद तेव्हा नव्हतेच. परिचय, शाल आणि श्रीफळ यांच्या चाळणीतून असा माणूस गळून पडतो.

क्लबाचे गुणगान एकतर्फी करू नये. तेथे जवळजवळ सर्व पुरुषच असत. आज्ञावल्यांच्या प्रती विनापरवाना फिरत. त्यावरून बिल गेट्स यांनी फेब्रुवारी १९७६ मध्ये हौशी मंडळींना उद्देशून कडक शब्दांत खुले पत्र लिहिले. देवाणघेवाण आणि उचलेगिरी यांतली सीमारेषा त्या मंडळींनी पाहिली नाही, ही टीका आजही रास्त आहे. डिसेंबर १९८६ मध्ये क्लबाची शेवटची सभा झाली. पण सभेत आलेला प्रत्येक माणूस काहीतरी घेऊन आलेला आहे, हे त्यांचे गृहीतक मात्र टिकाऊ होते.

पाहुणा कसा असावा?

मग पाहुण्यांची व्याख्याने बंदच करावीत का? मुळीच नाही. उत्तम पाहुणा काय करू शकतो याचे माझ्या मते सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे ग्रेस हॉपर (१९०६-१९९२). अमेरिकी नौदलातील या गणितज्ञ बाई संगणकाच्या आरंभकाळापासून त्या क्षेत्रात होत्या आणि वयाच्या ७९ व्या वर्षी, १९८६ मध्ये नौदलातून निवृत्त झाल्या. त्या असंख्य व्याख्याने देत आणि श्रोत्यांना तारेचे तुकडे वाटत. प्रत्येक तुकडा सुमारे ३० सेंटिमीटर लांब.

हा तुकडा म्हणजे एक नॅनोसेकंद! प्रकाश सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर जातो. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. तेवढ्या वेळात प्रकाश ३० सेंटिमीटर जातो आणि कोणताही संदेश त्याहून पुढे जाऊ शकत नाही. मग त्या जवळजवळ ३०० मीटर तारेचे वेटोळे दाखवत : हा एक मायक्रोसेकंद. वेगवान संगणक आकाराने लहान का असावा लागतो, हे हातात तार धरल्यावर वेगळे समजावून सांगावे लागत नाही. उपग्रहामार्फत पाठवलेल्या संदेशाला उशीर का होतो तेही कळते : भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो, वर जाऊन खाली यायलाच जवळजवळ पाव सेकंद लागतो. तेवढ्या अंतरात हॉपरबाईंचे किती तुकडे बसतील, हे गणित वर्गात घालून पाहावे.

एक पुस्ती मात्र शिक्षकांनी जोडावी. प्रत्यक्ष तारेतून विद्युतसंदेश प्रकाशाच्या निर्वात वेगाने जात नाही, तो थोडा मागे पडतो. म्हणजे तो तुकडा वरची मर्यादा दाखवतो, प्रत्यक्ष माप नव्हे. १९८२ साली त्यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेत दिलेल्या व्याख्यानाचे चित्रण २०२४ मध्ये सर्वांसाठी खुले झाले आहे. ते जरूर पाहावे. त्यात भविष्याविषयीही पुष्कळ बोलणे आहे. पण त्याला आधार असतो तो हातातल्या वस्तूचा आणि स्वतः केलेल्या कामाचा. आम्ही ऐकलेल्या व्याख्यानात ‘उद्याचे जग’ होते, पण वक्त्यांनी स्वतः काल काय केले, त्यात काय फसले, ते नव्हते.

दुसरे उदाहरण बोस्टन कॉम्प्युटर सोसायटीचे. ही संस्था १९७७ मध्ये जोनाथन रोटेनबर्ग या मुलाने काढली, तेव्हा तो अवघा १३ वर्षांचा होता. तिच्या ३० जानेवारी १९८४ च्या सभेत स्टीव्ह जॉब्ज यांनी नवा मॅकिंटॉश संगणक दाखवला. कार्यक्रम उघडउघड विक्रीसाठीचा होता. तरीही नंतर ते यंत्र घडवणारे अभियंते श्रोत्यांच्या प्रश्नांना सामोरे बसले. जाहिरातीच्या सभेत प्रश्नांना जागा मिळते, मग ज्ञानप्रसाराच्या सभेत का मिळू नये?

दोष कोणाचा?

आयोजकांवर सगळे ढकलणे अन्यायाचे होईल. आपल्याकडे कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडिया १९६५ साली स्थापन झाली, तेव्हा पहिले अध्यक्ष होते टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे प्रा. आर. नरसिंहन. त्या काळी देशात संगणकच मोजके होते. ते वापरणाऱ्यांना एकमेकांना भेटण्यावाचून गत्यंतर नव्हते. आज माहिती मुबलक आहे. सभेला गर्दी जमवायची तर मोठे नाव हवे, मोठ्या नावाला मान हवा आणि मान देण्यात वेळ जातो. स्थानिक मंडळे चालवणारी माणसे नोकरी सांभाळून, बहुधा पदरमोड करून हे करतात. त्यांची धडपड मला आदराची वाटते. म्हणूनच ती वाया जाऊ नये असेही वाटते.

आणि शिक्षक मित्रहो, हा आरसा आपल्याकडेही वळवावा लागेल. विज्ञानदिनाला आपल्या शाळेत काय होते? पाहुणे, परिचय, भाषण, आभार. मुले रांगेत गप्प बसलेली. त्या गप्प बसण्याला आपण शिस्त म्हणतो.

सुधारणा अवघड नाहीत. पाहुण्यांचा परिचय दोन वाक्यांत द्यावा, सविस्तर माहिती फलकावर लावावी. व्याख्यान अर्ध्या तासाचे ठेवावे. हाताळता येईल अशी एक तरी वस्तू आणण्याची विनंती पाहुण्यांना आधीच करावी. विद्यार्थ्यांचे प्रश्न चिठ्ठ्यांवर आधी घ्यावेत आणि पहिला प्रश्न शेवटच्या रांगेला द्यावा. भाषणाआधी दहा मिनिटे ‘नकाशा’साठी ठेवावीत : कोणाला काय अडले आहे, कोणाला काय येते. आणि चहा सभेच्या मध्ये ठेवावा, म्हणजे गाडी चुकण्याच्या भीतीने कोणी गप्पा अर्ध्यावर सोडणार नाही.

आमच्या महाविद्यालयात गेल्या महिन्यात आम्ही असे करून पाहिले. पाहुणे गावातल्याच सहकारी पतसंस्थेत संगणकाचे काम पाहणारे एक गृहस्थ होते. व्याख्यान देण्याचा त्यांना सराव नव्हता, बोलताना ते अडखळलेही. ‘नकाशा’च्या वेळी त्याच मुलीने आपला ०.१ चा प्रश्न पुन्हा मांडला. उत्तर तिला माहीत होते. तिला ते त्यांच्या तोंडून ऐकायचे होते. ते हसले, फळ्याजवळ गेले आणि एका जुन्या हिशोबात एक पैसा कुठे हरवला होता व तो शोधायला त्यांना किती दिवस लागले ते सांगू लागले. सभा ठरल्यापेक्षा पाऊण तास लांबली. आभार मानायचे राहूनच गेले.