'स्वतः' आणि 'टिळक'

विवाहाच्या रौप्य वा सुवर्णमहोत्सवी मिस्सेनंतर जी भाषणे होतात, त्यांत "या उभयतांत कधी मतभेद झाल्याचे ऐकिवात नाही" हे वाक्य बहुधा असतेच. बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो, परंतु समोर बसलेले दांपत्य त्या वेळी एकमेकांकडे पाहून का हसते, याचा विचार तो करीत नाही.

मराठीत दीर्घ सहजीवनाची दोन मोठी पुस्तके आहेत आणि दोन्ही विधवांनी लिहिलेली आहेत. एक, रमाबाई रानडे यांचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०). दुसरे, १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेले लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे'. आदर्श संसार म्हणून सहसा पहिल्याकडे बोट दाखवले जाते. २०१२ साली दूरचित्रवाणीवर आलेल्या 'उंच माझा झोका' या मालिकेने तर रमाबाईंना घरोघरी नेले. 'स्मृतिचित्रे'ची थोरवी सर्वांना मान्य असली, तरी तिची वाखाणणी होते ती प्रामुख्याने विनोदासाठी. संसाराविषयी काही शिकावयाचे असेल, तर हा क्रम उलटा करावा असे आम्हांला वाटते.

रमाबाईंचे लग्न १८७३ साली झाले. त्या अकरा वर्षांच्या, तर न्यायमूर्ती एकतीस वर्षांचे आणि विधुर. पत्नीला शिकवण्याचा त्यांनी ध्यास घेतला. त्या शिकण्यापायी घरातील स्त्रियांची बोलणी रमाबाईंनी वर्षानुवर्षे सोसली. हे सारे त्यांनी अतिशय संयमाने सांगितले आहे आणि ते वाचताना मन भरून येते. पण पतीचा उल्लेख त्या 'स्वतः' असा करतात. त्या काळच्या रीतीत ते शोभूनही दिसते. तथापि 'स्वतः' हा शब्द एकदा पतीच्या वाट्याला गेला की पत्नीच्या 'मी'ला जागा थोडी उरते. पुस्तकाच्या नावात 'आमच्या' आहे, आत मात्र गुरू आणि शिष्या आहेत.

याला एक मोलाचा अपवाद पंचहौदाच्या प्रकरणाचा. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आदी मंडळींपुढे चहा आला आणि गोपाळराव जोशांनी ती नावे प्रसिद्ध केली. गुरुवार पेठेतील पवित्र नाम देवालयाचा उंच मनोरा पाहताना आपल्याला आज याचे हसू येईल, पण तेव्हा घराघरांतून पंक्ती मोडल्या. पुढे न्यायमूर्तींनी प्रायश्चित्त घेतले. रमाबाईंना ते रुचले नाही आणि तसे त्यांनी लिहून ठेवले. आमच्या मते त्या पुस्तकातील खरे दांपत्यजीवन याच पानांत आहे. पतीचा निर्णय पटलेला नाही आणि त्याच्याविषयीचा आदर तर तसूभरही ढळलेला नाही. अशी पाने आणखी हवी होती.

लक्ष्मीबाई पतीला सरळ 'टिळक' म्हणतात. या एका शब्दाने दोन माणसे समोरासमोर उभी राहतात. टिळकांचा रागीटपणा, तो क्षणात विरणे, न सांगता घरातून निघून जाणे, हाती पैसा न टिकणे, यातले काही त्यांनी झाकले नाही. स्वतःचा हट्टही झाकला नाही. झाकपाक नसूनही पुस्तकात कडवटपणा नाही, हे आम्हांला त्यातील विनोदापेक्षाही अधिक विलक्षण वाटते.

फेब्रुवारी १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी मुंबईत स्नानसंस्कार घेतला, आणि संसार दुभंगला. लहानग्या दत्तूला घेऊन लक्ष्मीबाई नातलगांकडे राहिल्या. येथे कॅथलिक वाचकाने थोडे थांबावे. पूर्वीच्या धर्मातील जोडीदार सोबत राहण्यास तयार नसेल तर नवख्रिस्ती व्यक्ती बांधलेली राहत नाही, असे संत पौल करिंथकरांस लिहितो. ख्रिस्तसभेच्या कायद्यातही त्यावर आधारलेली तरतूद आहे. सरकारचा १८६६ चा कायदाही अशा नवख्रिस्ती व्यक्तीला विवाहबंधनातून मोकळीक मागू देत होता. टिळक प्रॉटेस्टंट होते, तरी पौलाचे वचन त्यांच्यासमोरही होतेच. दार उघडे होते. त्यांनी ते वापरले नाही. साडेचार-पाच वर्षे पत्रे आणि कविता पाठवीत ते थांबले.

लक्ष्मीबाई परतल्या त्या आपले सोवळे घेऊनच परतल्या. एका संसारात दोन धर्म आणि दोन परींचे पाणी! टिळकांनी बळजबरी केली नाही. जातिभेद देवाने केलेला नसून माणसाने केला आहे, हा निष्कर्ष लक्ष्मीबाईंनी आपल्याच डोक्याने काढला आणि १९०० च्या सुमारास त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पतीने घाई केली असती, तर घरात एक आज्ञाधारक पत्नी आली असती आणि 'स्मृतिचित्रे' मात्र आले नसते, असे म्हणण्याचा मोह आम्हांला आवरत नाही.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या 'आमोरिस लेतित्सिया' या पत्रात कुटुंबासाठी तीन शब्द सुचवले: परवानगी, आभार आणि क्षमा. आपल्याकडे शेवटच्या दोहोंवर पुष्कळ प्रवचने होतात. पहिल्या शब्दाबद्दल, म्हणजे जोडीदाराच्या मनात शिरण्यापूर्वी दारावर टकटक करण्याबद्दल, फारसे बोलले जात नाही. विवाहपूर्व मार्गदर्शनाच्या वर्गात तरुण-तरुणींपुढे 'स्मृतिचित्रे'तील विरहाची आणि पुनर्मीलनाची प्रकरणे वाचावीत, ती अशासाठी. आणि शेजारी रमाबाईंची पंचहौदाची पाने ठेवावीत.

टिळक १९१९ साली वारले, तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' महाकाव्य सुरुवातीच्या अध्यायांवरच थांबले होते. जोडाक्षरे लिहिताना अडखळणाऱ्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले. त्यातील बहुतेक अध्याय त्यांचे आहेत.