जैव-इंधनाचे विमान : हिशेब कुठून मांडायचा?

२७ ऑगस्ट २०१८ रोजी स्पाइसजेट कंपनीचे एक विमान डेहराडूनहून दिल्लीला गेले. त्यात वापरलेल्या मिश्र इंधनाचा चौथा हिस्सा मोगली एरंडाच्या तेलापासून बनवलेला होता. हे इंधन डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेने तयार केले होते. ही संस्था वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेची, म्हणजे सरकारी पैशावर चालणारी. बिया छत्तीसगडमधून आल्या होत्या. त्याच वर्षी १७ डिसेंबरला वायुदलाचे एएन-३२ विमान चंडीगडला अशाच मिश्रणावर उडाले. २६ जानेवारी २०१९ च्या संचलनातही ते दिसले आणि ३१ जानेवारी २०२० रोजी लेहच्या थंडीतून त्याने उड्डाण केले. या सर्व उड्डाणांना ‘स्वच्छ’ आणि ‘हरित’ ही विशेषणे लागली. शाळेच्या फलकांवरही ती बातमी त्याच शब्दांत लिहिली गेली.

ही विशेषणे तपासून पाहावीत असे आम्हांला वाटते. राजुऱ्यात बसून तपासायला आणखी एक कारण आहे. मोह, करंज, मोगली एरंड ही तेल देणारी झाडे चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांत, शेतांच्या बांधांवर आहेत. अशा ‘वृक्षजन्य’ तेलांवर इंधनाची भिस्त ठेवायची म्हटले की नजर अशाच जिल्ह्यांकडे वळते. शिवाय राजुरा तालुक्यातच मूर्ती-विहीरगाव परिसरात विमानतळ बांधण्याचा प्रस्ताव पुढे आला होता. वनजमीन आणि वाघांचा भ्रमणमार्ग या प्रश्नांवर तो अडखळला. तेव्हा विमान किती स्वच्छ आणि किती शांत, हा आमच्यासाठी दूरचा प्रश्न नाही.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. संशोधनातील रसायनशास्त्राचा भाग उत्तम झाला आहे. परंतु लोकांसमोर जो हिशेब मांडला गेला तो इंजिनापाशी सुरू होऊन इंजिनापाशीच संपतो. बी, जमीन आणि माणसाचे कान या तीन रकाने त्यात भरलेलेच नाहीत.

प्रयोगशाळेने काय साधले?

मोहाचे तेल हिवाळ्यात थिजते, हे गडचिरोलीकडे घरोघरी माहीत आहे. विमान दहा किलोमीटर उंचीवर जाते तेव्हा बाहेरचे तापमान उणे पन्नास अंशांच्या आसपास असते. जेट ए-१ या विमान-इंधनाला उणे ४७ अंशांपर्यंत गोठून चालत नाही. म्हणून कोणतेही वनस्पती-तेल जसेच्या तसे विमानात घालता येत नाही. मोटारीसाठी करतात तसले बायोडिझेलही चालत नाही.

तेलाच्या रेणूत १६ ते १८ कार्बन अणूंच्या लांब साखळ्या असतात आणि त्यांच्या टोकाशी ऑक्सिजन असतो. प्रथम उत्प्रेरकाच्या साहाय्याने, हायड्रोजनच्या दाबाखाली, हा ऑक्सिजन काढून टाकावा लागतो. उरलेली सरळ साखळी अजूनही निरुपयोगीच असते. १८ कार्बनची सरळ साखळी तर २८ अंशांनाच गोठते, म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात ती मेणासारखी दिसेल. मग साखळ्या तोडून आखूड करायच्या आणि त्यांना फांद्या फोडायच्या. फांद्या असलेले रेणू एकमेकांना नीट चिकटून बसत नाहीत, म्हणून ते सहजी गोठत नाहीत. लेहचे उड्डाण ही या कामाची खरी परीक्षा होती आणि ती पार पडली. अशा मिश्रणांसाठी २०१९ साली भारतीय मानकही तयार झाले. हे श्रेय संशोधकांना निःसंकोच दिले पाहिजे.

इंजिनातून निघणाऱ्या काजळीच्या बाबतीतही या इंधनाची बाजू भक्कम आहे. नासाने २०१३ व २०१४ मध्ये डीसी-८ विमानात साधे इंधन आणि जैव-इंधन निम्मे निम्मे घालून पाहिले. मागून दुसरी विमाने उडवून धुराचे नमुने घेतले. सूक्ष्म कण ५० ते ७० टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले आणि ते निष्कर्ष २०१७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. जैव-इंधनात ॲरोमॅटिक, म्हणजे बेंझिनसारखी वलये असलेली संयुगे नसतात आणि गंधकही जवळपास नसतो, हे त्याचे कारण.

कार्बनचा हिशेब

कार्बन डायऑक्साइडची गोष्ट मात्र निराळी आहे. इंधनाचा रेणू म्हणजे ढोबळमानाने एक कार्बन आणि दोन हायड्रोजन अशा घटकांची माळ. अशा घटकाचे वजन १४. तो जळला की ४४ वजनाचा कार्बन डायऑक्साइड तयार होतो. ४४ भागिले १४ म्हणजे ३.१४. एक किलो इंधन जाळले की तीन किलोंहून अधिक कार्बन डायऑक्साइड! इंधन खनिज असो वा जैव, नळकांड्यातून निघणारा वायू जवळपास तेवढाच. जैव-इंधनाचा फायदा एवढाच, की हा कार्बन झाडाने अलीकडेच हवेतून घेतलेला असतो. म्हणजे फायदा विमानात होत नाही, शेतात होतो. मग शेताचा हिशेब न मांडता त्याला स्वच्छ कसे म्हणायचे?

हा मुद्दा राजुऱ्याच्या मुलांना समजावून सांगावा लागत नाही. मुंबईच्या घरात विजेचा दिवा धूर न सोडता जळतो. त्यासाठी जळलेल्या कोळशाचा धूर चंद्रपूरच्या आकाशात असतो आणि खाणीची धूळ सास्तीच्या रस्त्यावर. दिव्यापाशी मोजले तर वीज स्वच्छ, खाणीपासून मोजले तर नाही.

तर मग विमानाचा हिशेब बीपासून मांडून पाहू. आकडे सोयीसाठी गोळाबेरीज घेऊ. दीडशेच्या वर प्रवासी नेणारे एअरबस ए-३२० तासाला सुमारे अडीच टन इंधन जाळते. मोगली एरंडाच्या बीत ३० टक्के तेल निघते आणि तेलाच्या निम्मे विमान-इंधन हाती लागते, असे धरू. कोरडवाहू जमिनीत हेक्टरी एक टन बी येते असेही धरू. हा अंदाज उदारच आहे, कारण त्याहून कमी पीक आलेली ठिकाणे पुष्कळ आहेत. म्हणजे एका हेक्टरातून वर्षाला ३०० किलो तेल आणि १५० किलो विमान-इंधन. एका विमानाच्या एका तासासाठी सुमारे १७ हेक्टरांचे वर्षाचे पीक!

आता देशाचा विचार करू. २०२३-२४ मध्ये भारतात सुमारे ८२ लाख टन विमान-इंधन खपले. त्याचा एक टक्का म्हणजे ८२ हजार टन. भागाकार केला तर साडेपाच लाख हेक्टर जमीन लागेल. चंद्रपूर जिल्ह्याचे सगळे क्षेत्रफळ सुमारे ११ लाख ४४ हजार हेक्टर आहे. म्हणजे एका टक्क्यासाठी जवळजवळ निम्मा चंद्रपूर जिल्हा. शंभरातले नव्याण्णव भाग खनिज इंधन तसेच राहते!

असा अनुभव आपल्याला नवा नाही. २००३ साली नियोजन आयोगाच्या समितीने डिझेलमध्ये वीस टक्के मिश्रणासाठी १ कोटी १२ लाख हेक्टरांवर मोगली एरंड लावण्याचा विचार मांडला होता आणि २०११-१२ पर्यंतची मुदत सुचवली होती. पडीक जमिनीत, पाण्याविना, हे झाड भरपूर बी देईल असे गृहीत धरले होते. झाड पडीक जमिनीत जगते हे खरे. परंतु जगणे निराळे आणि भरघोस फळणे निराळे. ती योजना कागदावरून फारशी खाली उतरली नाही.

आणखी दोन गोष्टी हिशेबात धरायला हव्यात. मोगली एरंडाची बी विषारी आहे. ती खाऊन शाळकरी मुलांना उलट्या-जुलाब झाल्याच्या घटना आपल्याकडे पुन्हापुन्हा घडतात. तेल काढल्यावर उरणारी पेंडही विषारीच, ती गुरांना घालता येत नाही. दुसरे, तेलातला ऑक्सिजन काढायला लागणारा हायड्रोजन आज बहुतांशी नैसर्गिक वायूपासून, म्हणजे पुन्हा खनिजापासूनच, तयार होतो.

बी कोणाचे?

मोगली एरंड पुरत नाही म्हणून मोहाकडे वळावे, असे कोणी सुचवील. मोहाचे तेल आमच्याकडे स्वयंपाकात वापरतात. मोहफुले आणि बिया वेचणे हा जंगलातल्या कुटुंबांच्या मिळकतीचा भाग आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजांची मालकी गावांना दिली. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. तेव्हा मोहाचे बी इंधनासाठी घ्यायचे तर तो प्रश्न केवळ उत्प्रेरकाचा उरत नाही. ग्रामसभेला विचारावे लागेल, भाव ठरवावा लागेल, घरच्या तेलाचे काय ते सांगावे लागेल. बी पुरवणारा हा ‘कच्च्या मालाचा स्रोत’ नसून हक्कदार आहे, हे संशोधन-प्रकल्पाच्या पहिल्या पानावर असले पाहिजे.

याचा अर्थ जैव-इंधन सोडून द्यावे असा नाही. वापरलेले खाद्यतेल, शेतातला टाकाऊ माल यांना नवी जमीन लागत नाही. राजुऱ्याच्या कापूसपट्ट्यात दर वर्षी पऱ्हाटीचे ढीग उरतात. अशा काडीकचऱ्याचे वायूत रूपांतर करून त्यापासून विमान-इंधन बनवण्याची पद्धत ज्ञात आहे. ती महाग आहे आणि पऱ्हाटी गोळा करणे कष्टाचे आहे. पण सरकारी संशोधनाचा पैसा अशाच अवघड जागी जायला हवा. आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७ मध्ये १ टक्का आणि २०२८ मध्ये २ टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट सरकारने ठेवले आहे. ते कोणत्या मालातून गाठायचे, हे आधी ठरले पाहिजे.

आणि आवाज?

इंधन बदलल्याने आवाज कमी होत नाही. तो प्रश्न यंत्राच्या घडणीचा आहे. जेम्स लाइटहिल यांनी १९५२ साली दाखवले, की झोताच्या आवाजाची शक्ती झोताच्या वेगाच्या आठव्या घाताने वाढते. वेग निम्मा केला तर आवाजाची शक्ती दोनाचा आठवा घात, म्हणजे २५६ पटींनी घटते. अर्थात विमानाला रेटा तेवढाच हवा. उभ्या विमानाचा विचार केला तर निम्म्या वेगाने दुप्पट हवा ढकलावी लागेल, त्यासाठी झोताचे तोंड चौपट करावे लागेल. तरीही आवाज ६४ पटींनी, म्हणजे सुमारे १८ डेसिबलने उतरतो. आजच्या इंजिनांचे पुढचे पंखे एवढे रुंद का, याचे हे एक उत्तर. असा पंखा पुष्कळ हवा सावकाश ढकलतो, त्यामुळे इंधनही वाचते. स्वच्छता आणि शांतता इथे हातात हात घालून येतात.

युरोपात २००८ मध्ये सरकारी व उद्योगांच्या पैशातून ‘क्लीन स्काय’ कार्यक्रम सुरू झाला. त्यात धूर आणि आवाज दोन्हींची उद्दिष्टे एकत्र होती. आपल्या जैव-इंधनाच्या उड्डाणांची चर्चा धुरापुरतीच राहिली. योगायोग असा, की २०१८ चे विमान क्यू-४०० जातीचे होते आणि त्यातला ‘क्यू’ इंग्रजीतील ‘शांत’ या अर्थाच्या शब्दाचा. हे नाव विमानाच्या आतला आवाज व कंप दडपणाऱ्या यंत्रणेमुळे पडले. म्हणजे शांतता मुख्यतः तिकीट काढलेल्यांची. धावपट्टीशेजारच्या गावाला काय ऐकू येते, याचे मोजमाप निराळे करावे लागते. मूर्तीसारख्या ठिकाणी तर ते जंगलातही करावे लागेल.

वर्गात काय करावे?

नववी-दहावीच्या मुलांना वरचा गुणाकार-भागाकार स्वतः करू द्यावा. हेक्टरी उत्पन्न अर्धे धरले तर काय, दुप्पट धरले तर काय, हे त्यांनी काढावे. मग फळ्यावर पाच रकाने आखावेत : जमीन, पाणी, धूर, आवाज, हक्क. पुढच्या वेळी ‘हरित विमाना’ची बातमी येईल तेव्हा त्यातले कोणते रकाने भरता येतात आणि कोणते रिकामे राहतात ते मुलांनी पाहावे. पाचही रकाने भरून पुढचे विमान उडाले तर राजुऱ्याच्या वर्गातही त्याचे स्वागत होईल. तोवर ‘जैव’ या शब्दाचा अर्थ ‘स्वच्छ’ असा मुलांना शिकवू नये, एवढी आमची शिक्षकमित्रांना विनंती आहे.