कलम कोणाची?

विल्यम फ्रेझर या कंपनीच्या अधिकाऱ्यासाठी दिल्लीत १८१५ ते १८१९ या काळात रंगवलेल्या चित्रसंग्रहात स्किनरच्या घोडदळातील काला नावाचा स्वार आहे. तो ‘देशी शिपाई’ या जातीचा नमुना वाटत नाही. कुणा घरचा जिवंत माणूस वाटतो. संग्रहातील अशा साध्या माणसांची नावे फारसीत नोंदली गेली. मुसव्विराचे नाव मात्र खात्रीने सांगता येत नाही. अभ्यासक गुलाम अली खान यांच्या घराण्याकडे बोट दाखवतात. याच गुलाम अलींनी १८२७ मध्ये स्किनरचा पलटणी दरबार रंगवला.

या चित्रांना आपण ‘कंपनी शैली’ म्हणतो. हे नाव मला खटकते. पैसा साहेबाचा होता; नजर आणि कलम दिल्लीच्या मुसव्विराची. वर्गात चित्र दाखवताना मी आधी हेच सांगतो.