मूकाभिनयातला चिंपांझी हसतो की घाबरतो?

महाविद्यालयीन मूकाभिनय जितके पाहिले, त्यांत एक प्रवेश मला पुन्हा पुन्हा भेटतो. तुम्हीही पाहिला असेल. पाच नट रांगेत. पहिला वाकलेला, अंग खाजवणारा. दुसरा जरा ताठ, तिसऱ्याच्या हातात भाला, चौथा सूटबुटात. पाचवा मोबाइलमध्ये डोकं घालून पुन्हा वाकलेला. टाळ्या!

मुलांच्या मेहनतीबद्दल शंका नाही. वडशाच्या नाटकमंडळ्यांचे प्रयोग रात्र रात्र जागून बघत मोठी झालेली ही पोरं, अंग कसं वापरायचं हे त्यांना शिकवावं लागत नाही. माझी तक्रार त्या रांगेबद्दल आहे.

ही रांग आली रुडॉल्फ झॅलिंगरच्या 1965 च्या एका चित्रातून. 'अर्ली मॅन' नावाच्या पुस्तकातलं ते चित्र पुढे टी-शर्टापासून जाहिरातींपर्यंत सगळीकडे पोचलं आणि उत्क्रांती म्हणजे जिना, हे डोक्यात बसलं. खरं तर चिंपांझी आपला आजोबा नाही, चुलतभाऊ आहे. साधारण 60-70 लाख वर्षांपूर्वी दोघांचा एक समान पूर्वज होता आणि तो आजचा चिंपांझी नव्हता. तिथून दोन फांद्या फुटल्या, दोन्ही तितकीच वर्षं बदलत आल्या.

यात एवढं काय बिघडलं, असं वाटेल. जानेवारी 2018 मध्ये औरंगाबादला तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले की डार्विन चुकीचा आहे, माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलेला नाही. देशभरातल्या शास्त्रज्ञांनी निषेध केला, योग्यच केला. पण आपली पाच जणांची रांग काय दाखवते? माकड उठतं आणि माणूस होतं! म्हणजे मंत्र्यांना जी उत्क्रांती खोटी वाटते, तीच आपण खरी म्हणून सादर करतो. त्यात 2023 मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला. अशा वेळी कुणाला हा विषय रंगमंचावरच पहिल्यांदा भेटला, तर तो निदान धड भेटावा.

आता दात बघा. पहिला नट माकड झाला की बत्तिशी दाखवतो आणि सभागृह हसतं. पण चिंपांझीने ओठ मागे खेचून दात दाखवले, तर बहुतेक वेळा तो घाबरलेला असतो किंवा वरचढापुढे नमतं घेत असतो. खेळातलं त्याचं हसू निराळं: तोंड सैल उघडं, वरचे दात झाकलेले, धापा टाकल्यासारखा आवाज. मरीना डाविला-रॉस आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये एक गमतीदार संशोधन प्रसिद्ध केलं. ओरांगउटान, गोरिला, चिंपांझी, बोनोबो आणि माणसाची बाळं, सगळ्यांना गुदगुल्या करून आवाज नोंदवले. त्या आवाजांच्या साम्यावरून वंशवृक्ष मांडला, तर तो डीएनएवरून काढलेल्या वंशवृक्षाशी जुळला. आपण मुख्यतः श्वास सोडताना हसतो, चिंपांझी श्वास घेतानाही हसतो. नुसत्या छातीच्या हालचालीतून हे दाखवता येईल. नटाला आणखी काय हवं?

हावभावांचंही तसंच. 2023 मध्ये कर्स्टी ग्रॅहम आणि कॅथरिन होबेटर यांनी साडेपाच हजारांवर लोकांना चिंपांझी-बोनोबोंच्या हावभावांच्या चित्रफिती दाखवल्या आणि चार पर्यायांतून अर्थ निवडायला सांगितला. काही न शिकवता निम्म्याहून जास्त उत्तरं बरोबर आली. नुसत्या अंदाजाने पाव आली असती. म्हणजे प्रेक्षकाला ही भाषा थोडीफार येते. मग खाजवणं कशाला?

आपल्याच गडचिरोलीत, भामरागडकडे हेमलकशाला यापेक्षा मोठं नाट्य घडून गेलंय. प्रकाश आमट्यांना शिकार घेऊन निघालेले माडिया भेटले. मेलेल्या माकडिणीच्या छातीला पिल्लू चिकटलेलं, दूध शोधत. आमट्यांनी बदल्यात धान्य देऊन पिल्लू मागून घेतलं आणि तिथून प्राण्यांचं अनाथालय सुरू झालं. माकड हा महाकपी नाही, महाकपींना शेपूट नसते. हे नातं आणखी मागचं, अडीच-तीन कोटी वर्षांपूर्वीचं. पण आपल्या तान्ह्या बाळाच्या तळहातावर बोट ठेवून बघा, ते मूठ आवळतं. ही पकड आईच्या केसांना धरून राहण्याच्या जुन्या सवयीचा वारसा मानली जाते.

या प्रसंगात खलनायक करू नका, शिकार करणारे भुकेलेले होते. पिल्लाची मूठ, धान्याची पायली आणि देवघेव करणारे दोन हात. पुढच्या महोत्सवाला एखाद्या संघाने एवढंच बसवावं. सहा मिनिटं पुरतील, आणि कुणालाही वाकून चालावं लागणार नाही.