नाममुद्रा, ध्रुपद आणि पुनरुक्ती : दासोपंतांच्या निमित्ताने

आपले नाव लोकांच्या स्मरणात रुजवावयाचे असेल, तर मोजक्याच कल्पना पुन्हा पुन्हा मांडाव्यात, असे प्रसिद्धितंत्राचे आजचे जाणकार सांगतात. मराठी संतकाव्याला हे तंत्र अपरिचित नाही. अखेरच्या चरणातील नाममुद्रा व गाताना परतणारे ध्रुपद ही त्याचीच अंगे होत. मात्र पुनरुक्तीने नाव टिकते की विचार, हा प्रश्न उरतोच. बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईचे दासोपंत (१५५१–१६१५) या दृष्टीने अभ्यसनीय ठरतात.

दासोपंतांचा लेखनव्याप थक्क करणारा आहे. गीतेवरील त्यांचा ‘गीतार्णव’ सव्वा लाख ओव्यांचा असल्याचे परंपरा सांगते. पंचीकरणाचा विषय त्यांनी सुमारे ४० फूट लांबीच्या पासोडीवर लिहिला. पदांतून ‘दिगंबर’ हे नाव वारंवार येते. ते दत्ताचे नाव, तसेच त्यांच्या पित्याचेही. नाममुद्रेत स्वतःचे नाव मागे सारण्याची ही रीत एकनाथांच्या ‘एका जनार्दनी’शी जवळीक दाखविते. असे असूनही गीतार्णव लोकमुखी झाला नाही. विस्तार म्हणजे पुनरावर्तन नव्हे, हे त्याचे एक कारण मानावे लागते. विस्तारात श्रोता मागे राहतो; पुनरावर्तनात तो कवीबरोबर म्हणू लागतो.

वारकरी कीर्तनात हे स्पष्ट दिसते. कीर्तनकार एकच अभंग घेतो, एका चरणाचे निरूपण करतो, दृष्टान्त देतो आणि मग टाळकरी पुन्हा ध्रुपदावर येतात. शब्द तेच, पण दरम्यान दृष्टान्त घडून गेलेला असतो, म्हणून अर्थ वाढलेला असतो. आजच्या प्रसिद्धीत वाक्य परतते, मधले निरूपण गळते. मग उरते ती केवळ घोषणा. (सभासंमेलनांतील भाषणांचा अनुभव याहून फारसा वेगळा नाही.)

पुनरुक्तीची दुसरी बाजूही आहे. नाममुद्रा जितकी परिचित, तितकी ती इतरांच्या हाती सहज जाते. नामदेव व विष्णुदास नामा यांच्या रचना गाथेत एकमेकींत मिसळल्या आणि त्या वेगळ्या करण्यात संशोधकांची बरीच शक्ती खर्ची पडली. नाव टिकले, परंतु कोणता विचार कोणाचा, हे धूसर झाले.

दासोपंतांच्या वाट्याला याच्या जवळचे, पण निराळे विस्मरण आले. पासोडीची लांबी अनेकांना सांगता येते. तीवर काय लिहिले आहे, हे विचारले असता बहुधा मौन पाळले जाते.